पाचला वाघ, एकवीसला शेळी

या महिन्यात पळण्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी तीन घेतलेत. तिघांचं दुखणं तसं एकच, एका अंतराला टायमिंग भारी आणि दुसऱ्याला पार बोऱ्या. (नवख्यांसाठी : फाइव्ह के म्हणजे ५ किमीची रेस, टेन के १० ची, हाफ म्हणजे अर्धी मॅरेथॉन, २१.१ किमी, आणि फुल ४२.२.) पहिल्या पत्राचं उत्तर बरंच लांबलंय कारण तिने सगळे आकडे पाठवलेत आणि आकडे समोर आले की मला राहवत नाही.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ३१ वर्षांची, पळायला लागून १४ महिने झाले. आत्तापर्यंत तीन रेस केल्या. पहिली फाइव्ह के २६:१० मध्ये, माझ्या वयोगटात चौथी आले, हवेतच होते तेव्हा. दोन महिन्यांनी टेन के ५७:४०. आणि आता तीन आठवड्यांपूर्वी पहिली हाफ, ती २ तास २४ मिनिटं!! कॅल्क्युलेटरमध्ये फाइव्ह के चा टाइम टाकला तर तो म्हणतो हाफ २ तासात व्हायला पाहिजे. माझी मैत्रीण फाइव्ह के ला २८ मिनिटं घेते, म्हणजे माझ्या मागेच असते, आणि तिने हाफ २:१० मध्ये संपवली, मी पोचले तेव्हा मेडल घालून फोटोबिटो काढून मोकळी झाली होती. १४-१५ किमीनंतर माझे पाय अक्षरशः लाकडाचे झाले, दम लागला नव्हता पण पाय उचलेनात. सकाळी काही खाल्लं नव्हतं, त्यामुळे असेल का? आठवड्याला साधारण २० किमी होतं, सगळ्यात लांब एकदा १४ केलंय. माझी बॉडी छोट्या अंतरासाठीच आहे का? हाफ सोडून द्यावी का? घड्याळाचा सगळा डेटा जोडतेय.

उत्तर : अगं, बॉडी कुठल्या अंतरासाठी आहे हा प्रश्न तीन रेसमध्ये सुटत असता तर कोच लोकांना कामच उरलं नसतं. पण डेटा जोडलास हे फार बरं केलंस कारण उत्तर त्यातच पडलंय, तू फक्त शेवटचा आकडा बघून रडत बसलीस.

आधी ती फाइव्ह के बघू, जिच्यामुळे हे सगळं सुरू झालं. घड्याळात अंतर किती दिसतंय? ४.८० किमी. आता गंमत अशी की रेसमध्ये घड्याळ सहसा जास्त अंतर दाखवतं, कमी नाही, कारण आपण काही वळणावर आतली कड धरून पळत नाही, गर्दीतून वळसे घेत जातो, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जातो, आणि जीपीएसचे ठिपके थोडे इकडेतिकडे पडतात ते वेगळंच. रीतसर मोजलेला कोर्स असतो ना, तो सायकलच्या चाकाला काउंटर लावून मोजतात, पळणाऱ्याला जाता येईल अशी सगळ्यात जवळची रेषा धरून, कडेपासून जेमतेम ३० सेंटिमीटरवरून, आणि वर दर किलोमीटरला १ मीटर मुद्दाम जास्त ठेवतात की चुकूनही कमी भरायला नको. म्हणून हाफला तुझ्या घड्याळात २१.३४ आलंय ते ठीकच आहे, कुणी तुला फुकट जास्त पळवलेलं नाही. पण मोजलेल्या पाच किलोमीटरला ४.८० येणं मला पटत नाही, ती रेस बहुतेक कमी भरली. हौशी छोट्या रेसमध्ये हे होतं, मोटरसायकलवरून अंतर बघतात आणि यू-टर्नचा प्लास्टिकचा कोन कुठेतरी अंदाजे ठेवून देतात. ४.८ किमी २६:१० मध्ये म्हणजे किलोमीटरला ५:२७ चा पेस, तोच उरलेल्या २०० मीटरला धरला तर तुझी खरी फाइव्ह के होते २७:१५. वाघाचा एक दात पडला, सॉरी.

आता तो कॅल्क्युलेटर. तू वापरलास तसले बरेचसे कॅल्क्युलेटर पीट रीगल नावाच्या एका अमेरिकन इंजिनिअरच्या सूत्रावर चालतात, १९७७ मध्ये त्याने ते मांडलं. अंतर जितक्या पट वाढलं त्याचा १.०६ वा घात घ्यायचा आणि त्याने वेळेला गुणायचं. घात म्हटल्यावर शाळा आठवून घाबरू नकोस, साधा अर्थ एवढाच की अंतर दुप्पट केलं तर वेळ नुसती दुप्पट होत नाही, २.०८५ पट होते, तो वरचा पॉइंट झिरो एट फाइव्ह म्हणजे थकव्याचा कर. खरंच बसतं का बघायचं तर जोशुआ चेप्टेगेई घे, युगांडाचा, त्याने २०२० या एकाच वर्षात ५००० मीटर १२:३५.३६ आणि १०,००० मीटर २६:११.०० असे दोन्ही वर्ल्ड रेकॉर्ड केले. भागाकार कर, २.०८ येतो. माणूस जगातला सगळ्यात फास्ट असो की आपल्यासारखा, दोन्ही अंतरांची तयारी सारखी झाली असेल तर आकडा याच्याच आसपास राहतो.

तुझे २७:१५ घेऊन गुणलं तर टेन के येते ५६:५०. तू पळालीस ५७:४०. म्हणजे टेन के ला तू घसरलेलीच नाहीस! ५० सेकंद म्हणजे एखादा चढ नाहीतर दोनदा पाण्याला थांबणं, त्यात अर्थ शोधू नकोस. उरली फक्त हाफ. तिथे सूत्र म्हणतं २:०५ आणि तुला लागले २:२४, जवळपास १९ मिनिटं, आणि ही मात्र खरी आहेत.

आता हाफचे स्प्लिट, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या वेळा. पहिले ५ किमी २७:५०, पुढचे ५ ३०:१०, मग ३५:००, मग ४१:३०, आणि शेवटचा तो एक किलोमीटर आणि शेपूट ९:३०. पहिल्या दोनांची बेरीज कर. ५८ मिनिटं. तुझा टेन के चा बेस्ट किती? ५७:४०. पहिले ५ तर तुझ्या दुरुस्त केलेल्या फाइव्ह के पेक्षा फक्त ३५ सेकंद हळू. अगं बाई, तू हाफ पळालीच नाहीस, तू त्या दिवशी टेन के ची रेस पळालीस, जवळजवळ स्वतःचा बेस्ट मोडलास, आणि मग कुणीतरी सांगितलं की अजून अकरा आहेत.

(हसत नाहीये. माझ्या पहिल्या हाफला मी तिसऱ्या किलोमीटरपर्यंत लोकांना मागे टाकताना मनात मोजत होते, ४०-५० जण झाले असतील. १७ व्या किलोमीटरला एक आजोबा चालत, हो चालत, मला मागे टाकून गेले आणि जाताना वर "चला चला" म्हणाले.)

हे का नडतं ते सांगते. प्रत्येकाचा एक पेस असतो जो साधारण तासभर टिकतो, त्याला थ्रेशोल्ड म्हणतात. त्याच्या खाली राहिलं तर शरीर थकवा पुसत पुसत जातं, वर गेलं की तो साठायला लागतो आणि स्नायूंमधली साखर भसाभस जळते. तुझी टेन के ५८ मिनिटांच्या आतबाहेर आहे म्हणजे तो टेन के चा पेस हाच तुझा तासाचा पेस, आणि तू हाफमध्ये नेमकी त्याच्यावर जाऊन बसलीस. तासाचं तिकीट काढून सव्वादोन तासांचा प्रवास. यात आणखी एक गोष्ट आहे, अंतर आपल्याला किलोमीटरमध्ये सांगतात पण शरीराला मिनिटं कळतात. युगांडाच्याच जेकब किप्लिमोने २०२१ मध्ये लिस्बनला हाफ ५७ मिनिटं ३१ सेकंदात पळली, म्हणजे त्याच्यासाठी हाफ ही तासाच्या आतली रेस, तो बिनधास्त थ्रेशोल्डवर पळू शकतो. तुला त्याच वेळात टेन के होते. तुझी हाफ ही वेळेच्या हिशोबात त्याच्या मॅरेथॉनपेक्षाही लांब आहे, त्यामुळे "हाफ असा पळा, तसा पळा" वाले व्हिडिओ बघून त्यांच्यासारखा जोर लावायला गेलं की हेच होणार.

आता तू लिहिलंयस दम लागला नव्हता पण पाय उचलत नव्हते, हे वाक्य मला सगळ्यात जास्त आवडलं, कारण हार्ट रेट तेच सांगतोय. तिसऱ्या किलोमीटरला १६८. तेराव्याला पेस जवळजवळ दीड मिनिटाने उतरलेला आणि तरीही १७४. वेळ गेला, ऊन चढलं, घाम गेला, रक्त कातडीकडे वळलं की त्याच कामाला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात, आणि दमट हवेत तर घाम नुसता निथळतो, सुकत नाही, त्यामुळे अंग गार होतच नाही. फाइव्ह के मध्ये हे सगळं सुरू व्हायच्या आत रेस संपते. पण पुढे बघ, १८ व्या किलोमीटरला हार्ट रेट १५६ वर आलाय. मनगटावरचं रीडिंग फार तंतोतंत नसतं हे धरूनसुद्धा एवढा उतार म्हणजे इंजिन चालू आहे आणि चाकंच फिरत नाहीयेत. दर किलोमीटरला हजाराच्या आसपास पावलं पडतात आणि प्रत्येक पाऊल शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार घेऊन आपटतं, मांडीचा पुढचा स्नायू तो झेलतो आणि झेलता झेलता त्याचे बारीक तंतू तुटत जातात. हे झेलायची सवय फक्त लांब पळूनच लागते. तुझे पाय कुठे बसले? १४-१५ ला. तुझी आजवरची सगळ्यात लांब रन किती? १४. मला वाटतं पुढचं मी बोलायची गरज नाही.

खाण्याचं विचारलंस. रात्रभरात लिव्हरमधली साखर बरीच कमी होते त्यामुळे उपाशी पळणं हे काही चांगलं केलं नाहीस, पण सगळं खापर त्यावर नको फोडूस. पळताना किलोला किलोमीटरमागे साधारण १ कॅलरी जाते, ६० किलोच्या माणसाला २१ किमीला साडेबाराशेच्या आसपास, आणि साखरेचा साठा दीड-दोन हजार कॅलरींचा असतो, शिवाय चरबीही थोडी जळत असते. मॅरेथॉनमध्ये हे गणित फसतं, हाफमध्ये सहसा नाही. तरी दोन तासांच्या वर जाणार असशील तर दोन-अडीच तास आधी पचेल असं काहीतरी खा आणि रेसमध्ये तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब जातील असं बघ, जेल म्हण, ड्रिंक म्हण. फक्त ते आधी लाँग रनमध्ये पोटाला दाखव, रेसच्या दिवशी पहिल्यांदा नाही, नाहीतर पुढच्या महिन्यात मला टॉयलेटच्या रांगेबद्दल पत्र येईल. आणि पाणी तहानेनुसार, पोट डुचमळेपर्यंत पिऊ नकोस, अति पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते उन्हापेक्षा वाईट पडू शकतं.

मैत्रिणीचं बोलू. तिचे २८ सूत्रात टाक, हाफ २:०९ येते, ती २:१० पळाली. तिने काही चमत्कार केला नाही, तिने फक्त तयारी केली होती. एकदा विचार तिला आठवड्याला किती पळतेस, आणि पहिले पाच किती वेळात गेलीस.

म्हणजे हाफ सोडायची का? नाही. स्नायूंचे प्रकार असतात, कुणाकडे चपळ तंतू जास्त, कुणाकडे चिवट, हे खरंच आहे, पण आठवड्याला २० किलोमीटरमध्ये ते दिसत नाही, दिसतं ते फक्त काय केलंय आणि काय केलेलं नाही. पुढचे १२ आठवडे, आठवड्याला तीनच्या जागी चार रन कर, हळूहळू ३०-३५ किमीवर ये, आणि त्यातली एक लांब, १२ पासून सुरू करून १७-१८ पर्यंत, मध्ये दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा कमी, पाय ताजे व्हायला. लांब रन हळूच पळायची, इतकी हळू की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत, एकेक शब्द धापा टाकत निघत असेल तर ती लाँग रन नाही, ती रेस चाललीये. लोकांना हेच जमत नाही, हळू पळायची लाज वाटते. दम आणि हृदय सुधारायला आठवडे लागतात पण हाडं आणि कंडरा महिन्यांच्या हिशोबाने तयार होतात, त्यामुळे बरं वाटतंय म्हणून एकदम उडी मारू नकोस. आठवड्यातली एक रन थोडी नेटाची कर, २० मिनिटं थ्रेशोल्डच्या जवळ, बाकी सगळं आरामात.

पुढच्या हाफला पहिले १० किमी ६३-६४ मिनिटांत, म्हणजे ६:२० ने. चौथ्या किलोमीटरला तुला वाटेल हे फारच हळू आहे आणि ताई वेडी आहे, वाटू दे. १५ ला पाय शाबूत असतील तर मग सोड स्वतःला. त्या पेसने शेवटपर्यंत गेलीस तरी २:१३-२:१४ होते. झाल्यावर स्प्लिट पाठव.

प्रश्न : मॅडम, माझी केस उलटी आहे. वय ४७, तीन वर्षं पळतोय. हाफ १:५८, टेन के ५४, पण फाइव्ह के काही केल्या २६:४० च्या खाली जात नाही. ऑफिसमधली हाफमध्ये माझ्या दहा मिनिटं मागे असणारी मुलं फाइव्ह के मध्ये मला हरवतात. रेस संपल्यावर मला अजून पाच पळता येतील असं वाटतं. आठवड्याला ४० किमी, सगळं ६:०० च्या पेसने. आता वय झालं म्हणून सोडून द्यायचं का?

उत्तर : "सगळं ६:०० च्या पेसने." हे लिहिताना तुमच्या लक्षात आलं का हो, की तुम्ही प्रश्नातच उत्तर दिलंय?

तुमच्या १:५८ वरून उलटं गणित केलं तर फाइव्ह के २५:४० च्या आसपास यायला हवी, टेन के वरूनही २५:५४ येते. म्हणजे वरच्या पत्रातल्या मुलीला लांबचं जमत नाही तसं तुम्हाला जवळचं, फक्त मिनिटभराच्या फरकाने, त्यामुळे एवढं मनाला लावून घेण्यासारखं नाही. तुमचं बेसिक फार चांगलं आहे, इतकं की तुम्हाला डिझेल इंजिन म्हणतात ते कौतुकच समजा. पण पायांना ६:०० शिवाय दुसरा गिअर तुम्ही दाखवलेलाच नाही. ते बिचारे ५:२० ने पळायला घेतले की तो त्यांच्यासाठी परका वेग असतो, चाल बिघडते, खांदे वर जातात, श्वास बिनसतो, आणि डोकं म्हणतं आता काहीतरी होणार, मागे ये.

"अजून पाच पळता येतील" हे तर फारच बोलकं आहे. फाइव्ह के नंतर अजून पाच पळता यावेत अशी स्थिती असेल तर तुम्ही फाइव्ह के पळालाच नाहीत, ट्रेनिंग रन केलीत, छातीवर रेसचा नंबर लावून. फाइव्ह के नीट पळाली तर तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला मनात "आपण हे का करतो" हा विचार यायलाच पाहिजे. तुमचे स्प्लिट तुम्ही पाठवले नाहीत पण मी पैज लावते शेवटचा किलोमीटर सगळ्यात फास्ट असणार.

आणखी एक, वॉर्म-अप. हाफमध्ये पहिले दोन-तीन किलोमीटर हाच वॉर्म-अप असतो, चालून जातं. फाइव्ह के मध्ये थंड इंजिनाने लाइनीवर उभे राहिलात तर ऑक्सिजनची सगळी यंत्रणा पूर्ण वेगात यायला दोन-तीन मिनिटं जातात आणि तोवर अर्धा किलोमीटर उसना वेळ घेऊन पळालेला असतो. आधी १५ मिनिटं हलकं पळा आणि चार-पाच वेळा २० सेकंद वेगाने, धावपट्टीवर विमान पळतं तसे, मग लाइनीत जा.

ट्रेनिंगमध्ये एवढंच बदला, आठवड्यात दोन इझी रनच्या शेवटी सहा वेळा २० सेकंद मोकळेपणाने वेगात पळा, मध्ये मिनिटभर चाला. ढांगा मोठ्या करू नका, पावलं भरभर टाका. हे महिनाभर झालं की मग आठवड्यात एकच दिवस १ किलोमीटरचे चार-पाच तुकडे ५:१५ ने, मध्ये अडीच-तीन मिनिटं आराम. बाकीच्या रन ६:०० नाही, ६:२० ते ६:३० ने करा, नाहीतर हे जमणार नाही. मला माहितीये, ६:३० ने पळायला तुम्हाला जीवावर येईल. घड्याळाचा स्क्रीन बदलून ठेवा, पेस दिसायलाच नको.

वयाचं म्हणाल तर वय वाढतं तसा वेग आधी उतरतो आणि चिवटपणा जास्त टिकतो, हे खरं आहे, आणि म्हणूनच वेगाचं काम या वयात जास्त करायला हवं, सोडून द्यायला नाही. वर्ल्ड मास्टर्स ॲथलेटिक्सचे एज-ग्रेडिंगचे तक्ते आहेत, त्यात वय, अंतर आणि वेळ टाकली की टक्के मिळतात. ऑफिसमधल्या मुलांशी तुलना करायचीच असेल तर त्या टक्क्यांवर करा, आणि निकाल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला विसरू नका. पोटरी आणि मांडीचा मागचा स्नायू मात्र चाळिशीनंतर एकदम वेग घेतला की कुरकुरतात, म्हणून आधी ते २० सेकंदांचं आणि मगच किलोमीटरचं. तीन वर्षं आरामातच पळालायत तेव्हा जोर लावायच्या आधी एकदा बीपी, हृदय वगैरे डॉक्टरांकडून बघून घ्या, घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल तर नक्कीच. पळताना छातीत दाब आला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबायचं, टायमिंगचं नंतर बघू.

प्रश्न : ताई मी २२ चा, ४ महिने झाले पळतोय, फाइव्ह के २३:३० आहे. ॲपमध्ये टाकलं तर फुल मॅरेथॉन ३:४५ दाखवतंय. दोन महिन्यांनी एक फुल आहे, रजिस्टर करू का? सगळ्यात लांब १२ पळालोय. मित्र म्हणतात सब-फोर, म्हणजे चार तासांच्या आत, आरामात होईल.

उत्तर : अरे थांब. ते मित्र पळतात का आधी हे सांग.

ॲपचं गणित बरोबर आहे, मीही करून बघितलं, ३:४५ च येतं. पण ते सूत्र रेकॉर्डवाल्यांच्या वेळांवरून बसवलंय, म्हणजे ज्यांनी त्या त्या अंतराची पुरेपूर तयारी केली होती अशांच्या. तू त्याला पाच किलोमीटरची तयारी दिलीस आणि बेचाळीसचं उत्तर मागितलंस. २०१६ मध्ये दोन हजारांहून जास्त हौशी पळणाऱ्यांच्या वेळा तपासल्या होत्या, हाफपर्यंत हे सूत्र ठीकठाक बसलं आणि फुलला मात्र साधारण निम्म्या लोकांना त्याने दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त फास्ट दाखवलं. आणि ते निदान मॅरेथॉनची तयारी केलेले लोक होते.

वर चेप्टेगेईचं लिहिलंय ना, दोन वर्ल्ड रेकॉर्डवाला. त्याच्या १०,००० मीटरवरून सूत्राने मॅरेथॉन काढली तर २ तास आणि अर्धं मिनिट येते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तो व्हॅलेन्सियाला पहिली फुल पळाला, २:०८:५९, नंबर ३७ वा. आठ-साडेआठ मिनिटांचा फटका, आणि तो दिवसरात्र हेच करतो, त्याच्यामागे कोच, फिजिओ, सगळं आहे. तुझ्या वेगाने तेवढाच तोटा धरला तरी पाव तास गेला, आणि तुझी सगळ्यात लांब रन १२ आहे, म्हणजे तुझा तोटा तेवढ्यावर थांबणार नाही, तू ३० व्या किलोमीटरला फुटपाथवर बसशील.

या फुलला रजिस्टर करू नकोस. त्याच दिवशी हाफ असेल तर ती घे, दोन महिन्यांत लाँग रन १६ पर्यंत ने आणि हाफचे पहिले १० किमी पहिल्या पत्रातल्या मुलीसारखे फुंकून टाकू नकोस. २३:३० वरून हाफ १:४८ दाखवेल ॲप, तू १:५८ धरून निघ. फुल पुढच्या वर्षी. मित्रांना म्हणावं तुम्ही पण या, २५ व्या किलोमीटरपासून सोबत पळा.